पडव्याची शाळा आणि आपली मुले

पाचवीचे वर्ष आपल्या घरांत फारसे कोणी मोजत नाही. दहावी आली की क्लास, ट्यूशन, दुआ, सगळे एकदम सुरू होते. बारावीला तर पाहुण्यांनाही दबक्या पावलांनी यावे लागते. पाचवी मात्र जिल्हा परिषदेच्या मराठी किंवा उर्दू शाळेत येते आणि निघून जाते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी याच वर्षी एक संधी येते आणि ती आयुष्यात एकदाच येते. ही संधी आहे राजापूर तालुक्यातील पडवे येथील जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा.

नवोदय हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. ‘सरकारी बोर्डिंग आहे, हुशार मुलांना घेतात’ एवढी माहितीही असते. पण त्या पुढचे प्रश्न अर्धवटच राहतात. खर्च किती? मुलीला घेतात का? उर्दू शाळेतले मूल बसू शकते का? तिथे राहून मूल आपले राहील का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, तिथून ते केवळ मार्क घेऊन बाहेर पडेल की चार माणसांना बरोबर घेऊन चालण्याची लियाकतही त्याच्यात येईल? या प्रश्नांची उत्तरे शांतपणे पाहिली पाहिजेत, कारण फॉर्म भरण्याची मुदत आपल्या गोंधळासाठी थांबत नाही.

आपला जिल्हा, आपली घरे

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती. त्यात मुसलमान साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पावणेदोन लाखांहून अधिक. दर सहा माणसांपैकी पाच माणसे खेड्यात राहणारी. आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. हा शेवटचा आकडा कोकणाची सगळी कहाणी सांगतो. कर्ते पुरुष मुंबईत, आखातात किंवा जहाजावर असतात. घर, शेत, आंबा-काजूची कलमे, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, बँकेतले काम आणि पावसाळ्याआधीची छपराची डागडुजी हे सगळे बाईमाणूस सांभाळते.

म्हणजे नेतृत्व ही आपल्या मुलांना परकी गोष्ट नाही. त्यांनी ते स्वतःच्या आईत पाहिलेले असते. उणीव दुसरीकडे आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला तेव्हा देशातल्या २० वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी होते. शाळेत नाव घालण्यात आपण मागे होतोच, पण शाळेत टिकून वर चढण्यात त्याहून मागे होतो. खेड्यातले मूल सातवी-आठवीपर्यंत चांगले चालते. मग जवळ चांगली शाळा नसते, विज्ञान शिकवायला शिक्षक नसतो, एसटी वेळेवर नसते, आणि घरात ‘आखातात जायचेच आहे, तर एवढे शिकून काय’ हा सूर लागतो. निवासी शाळेचा उपयोग नेमका या वळणावर आहे.

नवोदय म्हणजे काय

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून नवोदय विद्यालये उभी राहिली. त्याआधी प्रयोग म्हणून देशात पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. कल्पना साधी होती. खेड्यातही हुशार मुले जन्मतात, पण त्यांना मिळणारे शिक्षण त्यांच्या बापाच्या खिशावर आणि गावाच्या रस्त्यावर ठरते. तर प्रत्येक जिल्ह्यात एक शाळा काढावी, मुले परीक्षेने निवडावी आणि त्यांचा खर्च सरकारने करावा. रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला आलेली शाळा पडव्याची. महाराष्ट्रातल्या सर्व नवोदय शाळा पुणे विभागाखाली येतात.

सहावीत जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. सहावी ते बारावी अशी सात वर्षे, मुले-मुली एकत्र शिक्षण, राहण्याची वसतिगृहे वेगळी, अभ्यासक्रम सीबीएसईचा. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके, वह्या हे सर्व मोफत. नववी ते बारावीच्या मुलांकडून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये घेतले जातात. मात्र सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतली मुले यांना तोही माफ आहे. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी ही रक्कम जास्त असते.

जागांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या. अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि केंद्राच्या यादीतील इतर मागासवर्गीयांसाठी आरक्षण आहे. धर्माच्या नावावर जागा राखीव नाही आणि अडसरही नाही. आपल्यातल्या काही बिरादऱ्या केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपली जात त्या यादीत आहे का हे आधी पाहावे आणि दाखला वेळेत काढून ठेवावा. निकाल लागल्यावर तहसीलदार कचेरीत धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

परीक्षा: दोन तास, ऐंशी प्रश्न

ज्या जिल्ह्यात मूल पाचवी शिकते त्याच जिल्ह्याच्या नवोदयला त्याला अर्ज करता येतो. म्हणजे मूळ गाव चिपळूण तालुक्यात असले, पण मूल मुंब्र्याला किंवा कुवेतला शिकत असेल, तर पडव्याची परीक्षा त्याला देता येत नाही. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. मध्येच काही दिवस शहरातल्या शाळेत नाव घातले तरी मूल शहरी गणले जाते. मुलाला चांगल्या शाळेसाठी चौथीत शहरात हलवणाऱ्या पालकांनी हा नियम जरूर लक्षात ठेवावा. मुलाचे वय साधारण १० ते १२ च्या दरम्यान असावे लागते. नेमक्या तारखा दर वर्षीच्या सूचनापत्रकात दिलेल्या असतात. आणि ही परीक्षा एकदाच देता येते. पाचवी पुन्हा करून दुसरा प्रयत्न चालत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला फी नाही. मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र लागते. म्हणून पहिली भेट मुख्याध्यापकांची घ्यावी.

प्रश्नपत्रिका दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे. म्हणजे आकृत्यांचे प्रश्न: वेगळी आकृती ओळखा, अपुरी आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा कोणती, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल. अंकगणिताचे २० प्रश्न, २५ गुण. भाषेचे २० प्रश्न, २५ गुण, तेही चार उताऱ्यांवरचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

ही परीक्षा मराठीतून देता येते आणि उर्दूतूनही देता येते. अर्जात भाषा निवडायची असते. उर्दू शाळेतल्या मुलाला ‘तुला जमणार नाही’ असे सांगण्याचे कारण उरत नाही. मात्र पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. नवोदयमध्ये सुरुवातीच्या वर्षांत शिक्षण प्रादेशिक भाषेतून होते, म्हणजे आपल्याकडे मराठीतून. नंतर, नववीपासून, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून. म्हणून उर्दू माध्यमाच्या मुलाचे मराठी वाचन चौथी-पाचवीतच पक्के करून घ्यावे. रोज अर्धा तास मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेतले तरी वर्षात फरक दिसतो. यासाठी क्लास लागत नाही, घरातले कोणीतरी शेजारी बसावे लागते.

अर्धे गुण आकृत्यांचे आहेत आणि नेमका हाच भाग शाळेत शिकवला जात नाही. म्हणून मुलांना तो अवघड वाटतो. खरे पाहता हा सरावाचा भाग आहे. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन घड्याळ लावून सोडवायला बसवावे: एक तास आकृत्यांना, अर्धा तास गणिताला, अर्धा तास भाषेला. उत्तरपत्रिकेतले गोल पेनने नीट भरण्याचीही सवय करून घ्यावी. दहा वर्षांचे मूल उत्तर येत असूनही गोल चुकीच्या ओळीत भरते.

चार हाऊस आणि एक ताट

आता आतल्या जगण्याकडे येऊ. नवोदयमध्ये मुलांची विभागणी चार हाऊसमध्ये असते: अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी. देशातल्या कुठल्याही नवोदयमध्ये जा, हीच चार डोंगरांची नावे. शिक्षक शाळेच्या आवारातच राहतात आणि प्रत्येक हाऊसला हाऊसमास्तर असतो. पहाटे उठणे, कवायत, आंघोळ, नाश्ता, परिपाठ, वर्ग, संध्याकाळी खेळ, मग शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास, जेवण आणि झोप असा दिवस बांधलेला. मोबाइल सहसा जवळ ठेवता येत नाही. पालकांची भेट ठरलेल्या दिवशी.

हाऊसचा कॅप्टन मुलांमधलाच असतो. शिवाय वर्गाचा मॉनिटर, खेळांचा कॅप्टन, शाळेचा कॅप्टन. या पदांची नावे मोठी वाटतात, पण काम अगदी बारीक असते. पहाटे सगळे उठले का? कोण तापाने फणफणून पांघरुणात पडून राहिला आहे? कोणाची चादर आठवडाभर धुतलेली नाही? नवा आलेला सहावीचा मुलगा रात्री उशीत तोंड खुपसून रडतो का? परिपाठाला आज बातम्या कोण वाचणार, आणि जो कधीच बोलत नाही त्याला पुढे कसे आणायचे? मेसमध्ये शेवटी जेवायला बसणाऱ्याला भाजी उरते का?

नेतृत्व शिकण्याची जागा ही आहे. भाषण करता येणे म्हणजे नेतृत्व नव्हे. ते उपयोगी आहे, पण ते नंतर येते. आधी दुसऱ्याची गरज नजरेला पडावी लागते. घरी चार माणसांत वाढलेल्या मुलाला हे शिकायला फार वेळ लागतो, कारण त्याच्यासाठी सगळे आईच पाहत असते. चाळीस मुलांच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलाला बादलीची रांग पहिल्याच आठवड्यात हे शिकवते.

आणखी एक योजना नवोदयची खास आहे. नववीच्या सुमारे ३० टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवले जाते. आपली मराठी मुले हिंदीभाषक प्रदेशात जातात, तिकडची मुले आपल्याकडे येतात. समुद्र न पाहिलेले मूल कोकणात येते आणि भाकरी-मासळीवर वाढलेले मूल गव्हाच्या प्रदेशात जाते. चौदा वर्षांच्या वयात परक्या भाषेत मित्र जोडावे लागतात. पालकांच्या जिवाला घोर लावणारी ही गोष्ट आहे, म्हणून ती प्रवेशापूर्वीच माहीत असावी. पण ज्या जिल्ह्यातले तरुण पुढे दुबईत, मस्कतमध्ये किंवा बंगळूरमध्ये अनोळखी माणसांत उभे राहणार आहेत, त्यांच्यासाठी याहून चांगली तालीम कोणती?

हे आपल्याला नवे नाही

बोर्डिंगची कल्पना परकी आहे असे काही बुजुर्गांना वाटते. त्यांनी मदीनेची आठवण करावी. मस्जिदे नबवीच्या एका बाजूला छपराखाली सुफ्फा नावाचा ओटा होता. घरदार नसलेले, इल्मची तळमळ असलेले सहाबी तिथे राहत, शिकत, मिळेल ते वाटून खात. हजरत अबू हुरैरा (र.) त्यांच्यापैकीच. घर सोडून, गुरूच्या सहवासात राहून शिकण्याची ती परंपरा आपलीच आहे.

नेतृत्वाबद्दलची शिकवणही तशीच स्पष्ट आहे. तीन माणसे प्रवासाला निघाली तरी त्यांनी एकाला आपला अमीर नेमावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. तीनच माणसे, तरीही! प्रत्येक माणूस राखणदार आहे आणि आपल्या राखणीबद्दल त्याला जाब द्यावा लागेल, हीदेखील त्यांचीच शिकवण. आणि शेवटच्या दिवसांत त्यांनी जे लष्कर तयार केले त्याचे नेतृत्व तरुण वयाच्या हजरत उसामा बिन जैद (र.) यांच्याकडे सोपवले. वयाने आणि मानाने मोठे असलेले सहाबी त्यांच्या हाताखाली होते. तरुणावर जबाबदारी टाकायची आणि मोठ्यांनी त्याचे ऐकायचे, हा धडा आपण आपल्या जमातींत किती गिरवतो, याचा विचार व्हावा.

अलीकडच्या काळातही हेच दिसते. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला मदरसा सुरू केला आणि तो पुढे कॉलेज झाला, तेव्हा त्यांचा भर वर्गाइतकाच वसतिगृहावर होता. मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील, वादविवाद करतील, तर माणसे घडतील असे त्यांचे मत होते. १८८४ साली तिथे मुलांचा युनियन क्लब निघाला आणि मुले सभेचे नियम पाळून बोलायला शिकली.

आपल्या महाराष्ट्रात तर हे काम एका राजाने केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०६ साली त्यांनी शहरातल्या मुस्लिम मंडळींना एकत्र बोलावून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि त्यातून मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. मुसलमानांत शिक्षणाची हाक द्यायला कोणी पुढे येत नाही हे पाहून महाराज स्वतः पुढे झाले. ते बोर्डिंग कोल्हापुरात आजही ओळखीचे आहे.

शाहू महाराजांच्या छायेत वाढलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकच वसतिगृह सुरू केले. त्याला नाव दिले शाहू महाराजांचे. मुले स्वतः दळत, स्वयंपाक करत, झाडत आणि एका पंक्तीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी पैसे कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ साली गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली. ज्या काळी एका विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्या काळी एका चुलीवरचे जेवण वाटून खाणारी मुले पुढे शिक्षक झाली, वकील झाली, संस्था चालवू लागली. पंगतीत जे शिकले ते त्यांना पुस्तकातून मिळाले नसते.

निकालाचा आकडा कसा वाचावा

अभ्यासाच्या बाबतीत नवोदय शाळांचे नाव आहे. २०२३ च्या सीबीएसई निकालात देशभरातील नवोदय विद्यालयांचा दहावीचा निकाल ९९.१४ टक्के होता. त्या वर्षी सीबीएसईचा एकूण निकाल ९३.१२ टक्के. बारावीला नवोदय ९७.५१ टक्के आणि एकूण ८७.३३ टक्के.

आकडे चांगले आहेत, पण डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजेत. नवोदयची मुले आधीच परीक्षेने निवडलेली असतात, त्यामुळे त्यांचा निकाल चांगला येणे स्वाभाविकच आहे. खरी बाब वेगळी आहे. ही मुले बहुतेक खेड्यातली आहेत. ज्यांच्या घरी वाचायला वेगळी खोली नव्हती, ज्यांच्या आईवडिलांना त्यांचा गृहपाठ पाहता येत नव्हता, अशी मुले शहरातल्या महागड्या शाळांच्या मुलांच्या बरोबरीने आणि पुढे जातात. हुशारी त्यांच्यात होतीच. शाळेने तिला बसायला जागा, ठरलेली वेळ आणि विचारायला शिक्षक दिला. हे तीन जिथे मिळतील तिथे आपल्या मुलांचाही निकाल बदलेल.

काही पालक म्हणतात, ‘कॅप्टन-बिप्टन नको, अभ्यास बुडतो.’ या भीतीत तथ्य आहे. दहावी-बारावीच्या मुलाला फार कामे लागली तर अभ्यास मागे पडू शकतो. पण जबाबदारी घेणारे मूल वेळ वाटायला शिकते. लहान मुलाला गणित समजावताना स्वतःचे गणित पक्के होते. शिक्षकाकडे जाऊन ‘सर, हे मला समजले नाही’ असे म्हणण्याची भीडही मोडते. आपल्या कितीतरी हुशार मुलांचे नुकसान या एका भीडेपायी झाले आहे. तेव्हा जबाबदारी असावी, पण एका वेळी एक. हे मुलाला घरून सांगून ठेवावे.

मनातले प्रश्न

पहिला प्रश्न मुलीचा. ‘मुलीला इतक्या लांब कशी ठेवायची?’ काळजी खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. पण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींच्या आहेत, त्यांचे वसतिगृह वेगळे आहे, त्यांना निधीही माफ आहे. आपण मुलींचे अर्ज भरले नाहीत तर त्या जागा रिकाम्या राहत नाहीत, दुसऱ्या मुलींना मिळतात. शंका असेल तर पालकांनी शाळेत प्रत्यक्ष जावे. मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी कोणत्या शिक्षिकेकडे आहे, रात्री देखरेख कोण करते, आजारी पडल्यास काय व्यवस्था आहे, तक्रार कोणाकडे करायची, हे विचारावे. विचारण्यात बेअदबी नाही. विचारणाऱ्या पालकांच्या मुलांकडे शाळाही जास्त लक्ष देते.

दुसरा प्रश्न दीनचा. नमाज, रमजानचे रोजे, जेवणातले हलाल-हराम. हेही मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोलावे: मेसमध्ये काय शिजते, न खाणाऱ्या मुलासाठी काय सोय असते, रमजानमध्ये सहरी-इफ्तारीचे काय. आणि घरची बाजू आपण सांभाळावी. दहाव्या वर्षापर्यंत मुलाला नमाज, कुरआनचे वाचन आणि काय खावे-काय टाळावे हे समजलेले असेल, तर ते कुठेही आपली सवय टिकवते. जे घरी रुजलेले नसते ते वसतिगृहात हरवले असे म्हणता येत नाही. सुट्टीत मूल घरी आले की त्याला मोबाइल देऊन कोपऱ्यात बसवू नये. मस्जिदीत बरोबर न्यावे, नानीजवळ बसवावे, आपले बोलणे त्याच्या कानावर पडू द्यावे.

तिसरा प्रश्न करमण्याचा. पहिले दोन-तीन महिने मूल रडते. आईही रडते. भेटीच्या दिवशी ‘तू नसलास की घर खायला उठते’ असे मुलापुढे म्हणू नये. त्या ओझ्याने मूल खचते. घरचा खाऊ न्यावा, पण त्यातला अर्धा खोलीतल्या मित्रांसाठी. बाप आखातात असेल तर त्याने पत्र लिहावे. हाताने लिहिलेले पत्र मूल उशीखाली ठेवते. फोनवरचे बोलणे तसे ठेवता येत नाही.

चौथा प्रश्न कोणी उघड विचारत नाही. वसतिगृहात मोठी मुले लहानांना छळतात का? कुठल्याही वसतिगृहात हा धोका असतो. कॅप्टनपद हातात आले की काही मुले लहानांकडून कपडे धुवून घेतात, हुकूम सोडतात. म्हणून मुलाला दोन गोष्टी शिकवून पाठवाव्या. तुझ्यावर कोणी हात उचलला किंवा नको तसे वागला तर हाऊसमास्तरांना आणि आम्हाला लगेच सांग, त्यात लाजायचे काही नाही. आणि तू मोठा झालास तर लहानांचा राखणदार हो, जमादार होऊ नकोस. ज्या मुलाला दुसरी गोष्ट समजली, त्याला नेतृत्व समजले.

ज्यांची निवड होणार नाही

जागा ऐंशी आणि मुले हजारो. बहुतेकांची निवड होणार नाही हे उघड आहे. दहा वर्षांच्या मुलाला ‘नापास’ म्हणू नये. ही परीक्षा निवडीची असते, पास-नापासची नसते. शिवाय नववीत आणि अकरावीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी नवोदयमध्ये पुन्हा प्रवेश होतात, त्याच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. आणि पाचवीत केलेला आकृत्यांचा, गणिताचा, वाचनाचा सराव वाया जात नाही. तो शिष्यवृत्ती परीक्षेला आणि पुढे प्रत्येक स्पर्धेला उपयोगी पडतो.

पडव्याची शाळा मिळाली नाही तरी तिची पद्धत आपल्याला गावात आणता येते. मगरिबनंतर ईशापर्यंत गावातल्या एका खोलीत वीज, चटया आणि शांतता असावी. मोठ्या वर्गातल्या मुला-मुलींनी लहानांचा अभ्यास घ्यावा. मुलींसाठी वेगळी खोली किंवा वेगळी वेळ ठेवावी. प्रत्येक महिन्याला एक मूल त्या खोलीचे अमीर व्हावे: दिवे लावणे, हजेरी, झाडलोट, भांडण मिटवणे हे त्याचे काम. मोठ्यांनी मध्ये पडू नये. आखातातल्या आपल्या गावकऱ्यांच्या कमिट्या मस्जिदीच्या फरशीला, कब्रस्तानच्या भिंतीला मनापासून पैसे पाठवतात. त्यातले थोडे या खोलीच्या पंख्यासाठी, जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी आणि गरीब घरच्या मुलाच्या परीक्षा केंद्रापर्यंतच्या गाडीभाड्यासाठी आले, तर त्याचा सवाब कमी नाही.

आणि घरात? घरातही मुलावर काम सोपवावे. पाणी भरणे, लहान भावाला शाळेत नेणे, आजोबांच्या गोळ्यांची वेळ पाहणे. मुलाला आणि मुलीला सारखेच. बहीण ताट उचलते आणि भाऊ हात धुऊन निघून जातो, अशा घरातून वसतिगृहात गेलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून सगळे अवघड जाते.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक गावच्या जमातीने यंदा एवढेच करावे: आपल्या गावात पाचवीत किती मुले आणि किती मुली आहेत त्यांची नावे एका कागदावर लिहावी आणि जुम्याच्या दिवशी त्यांच्या आईवडिलांपर्यंत निरोप पोचवावा. सूचनापत्रक निघाले की गावातल्या कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने लॅपटॉप घेऊन बसावे आणि सगळ्यांचे अर्ज भरून द्यावे. अर्जाला पैसे लागत नाहीत. मुख्याध्यापकांची सही लागते, एक फोटो लागतो, आणि मुदत संपण्याआधी कोणीतरी आठवण करून द्यावी लागते.